बुलेटच्या तेलातला चुरा काय सांगतो

मोटरसायकलच्या इंजिनातून काढलेल्या तेलाच्या तळाशी जो बारीक चुरा बसतो, तो बहुतेक वेळा इंजिनाच्याच कुठल्या तरी भागाचा अंश असतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, बुश, कॅम आणि गिअरचे दाते सतत एकमेकांवर घासत चालतात. घासताना सुटलेला धातू तेलात उतरतो. त्यामुळे तेलाचा तळ नीट पाहिला तर इंजिन न उघडताही तीन गोष्टींचा अंदाज येतो: कोणता भाग झिजतो आहे, तो कशा प्रकारे झिजतो आहे आणि किती वेगाने झिजतो आहे.

जुन्या गाडीच्या बाबतीत हे ज्ञान फार मोलाचे आहे. इंजिन उघडण्याचीही किंमत मोजावी लागते. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे दर वेळी थोडे सैल होतात, स्टड तुटतात, जोड पूर्वीसारखे बसत नाहीत आणि चांगले मूळ सुटे भागही बदलले जातात. शिवाय आवाजावरून केलेले निदान अनेकदा चुकते. टॅपेटचा आवाज, पिस्टनचा आवाज आणि बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या बेअरिंगचा, ठोका यांतला फरक अनुभवी मिस्त्रीलाही काही वेळा सांगता येत नाही. अशा वेळी तेलातला चुरा हा हातात धरून तपासता येणारा पुरावा ठरतो.

या पद्धतीचे चांगले उदाहरण म्हणजे ३५० सीसीची जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्डने घडवलेली ही गाडी १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी झालेल्या भागीदारीतून भारतात तयार होऊ लागली. तिचे तेच मूळ इंजिन किरकोळ बदलांसह विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरही काही वर्षे तयार होत राहिले. म्हणूनच मुंबई, पुणे, कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत अशा बुलेट आजही रस्त्यावर दिसतात आणि त्यांचे काम जाणणारे मिस्त्रीही भेटतात.

तेलाचा प्रवास

चुऱ्याचा अर्थ लावण्याआधी तेल कुठून कुठे जाते हे माहीत हवे. बुलेटच्या इंजिनात ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन ९० मिलिमीटरचा फेरा मारतो. तेलाची टाकी वेगळी टांगलेली नसून क्रँककेसच्याच ओतकामात, क्रँकच्या मागच्या बाजूला आहे. टायमिंगच्या बाजूला दोन पंप असतात. एक पंप टाकीतले तेल उचलून पुढे ढकलतो. दुसरा क्रँकखाली जमलेले तेल खेचून परत पाठवतो. परतीच्या पंपाची क्षमता जास्त ठेवलेली असते, कारण क्रँकखाली तेल साठून राहणे इंजिनाला परवडत नाही.

पुढे ढकललेले तेल फेल्टच्या फिल्टरमधून जाते आणि टायमिंग कव्हरमधल्या एका छोट्या कॉर्क सीलच्या आधाराने फिरत्या क्रँकच्या टोकात शिरते. तिथून ते क्रँकपिनमधल्या छिद्रातून बिग एंडला पोहोचते. हा कॉर्क सील दबला किंवा तुटला तर तेल वाटेतच निसटते आणि सर्वांत जास्त भार झेलणारे बेअरिंग उपाशी राहते. बिग एंडमधून बाहेर फेकले गेलेले तेल सिलिंडर, पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगवर उडते, मग खाली उतरते आणि परतीच्या पंपाकडे जाते.

यावरून दोन गोष्टी कळतात. जड आणि मोठे तुकडे क्रँककेसच्या तळाशी आणि जाळीच्या गाळणीत अडकतात. तेलासोबत तरंगणारी बारीक भुकटी टाकीत आणि फेल्टमध्ये साठते. म्हणून केवळ टाकीचा ड्रेन प्लग काढून तपासणी पूर्ण होत नाही. क्रँककेसचा तळ, गाळणी आणि फेल्ट या तिन्ही जागा पाहाव्या लागतात.

या इंजिनाची आणखी एक सोय आहे. गिअरबॉक्सचे तेल वेगळे आणि क्लच व प्रायमरी साखळीच्या चेंबरचे तेलही वेगळे असते. आधुनिक गाड्यांत बहुधा एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअर अशा तिन्ही ठिकाणी फिरते. त्यामुळे त्यात सापडलेला पोलादाचा कण गिअरच्या दाताचा की क्रँकच्या बेअरिंगचा, असा प्रश्न उरतो. जुन्या बुलेटमध्ये तो उद्भवत नाही. इंजिनाच्या तेलातला चुरा बहुतांशी इंजिनाचाच असतो. जुन्या यझदी, राजदूत यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत मात्र तेल पेट्रोलबरोबर जळून जाते, त्यामुळे तिथे ही तपासणी गिअरबॉक्सच्या तेलापुरतीच उरते.

झीज होण्याच्या रीती

दोन धातूंमध्ये तेलाचा पातळ थर असतो, तोवर ते एकमेकांना जवळपास स्पर्श करत नाहीत. हा थर कमी पडला की पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात, क्षणभर चिकटतात आणि तुटतात. ही चिकटून होणारी झीज होय. ती वाढत गेली की पिस्टन सिलिंडरला धरतो.

दुसरी रीत धुळीची. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते ओतीव लोखंडापेक्षा बरेच कठीण असतात. एअर फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसवलेला असेल तर हे कण रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये सापडतात आणि दोन्ही पृष्ठभाग कोरत राहतात.

तिसरी रीत थकव्याची. बॉल किंवा रोलर बेअरिंगवर एकाच जागी लाखो वेळा भार येतो. पृष्ठभागाखाली सूक्ष्म भेगा पडतात, त्या वाढतात आणि शेवटी पापुद्रा सुटतो. चौथी रीत गंजाची. तेलात मिसळलेले पाणी आणि ज्वलनातून आलेली आम्ले, विशेषतः गाडी महिनोन्महिने उभी असताना, बेअरिंग आणि सिलिंडरला खातात. या प्रत्येक रीतीत सुटणाऱ्या कणाचा आकार वेगळा असतो आणि निदानाचा मोठा भाग त्यावर उभा आहे.

नमुना घेताना

तेल गरम असताना काढावे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून लगेच प्लग उघडला तर तळाशी बसलेला चुरा तेलाबरोबर बाहेर येतो. थंड तेल काढले तर तो आतच राहतो. प्लगच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि रॉकेलने साफ करावी, नाहीतर बाहेरची वाळू इंजिनातली म्हणून गणली जाते. ट्रे स्वच्छ, शक्यतो पांढरा असावा. टाकीचे आणि क्रँककेसचे तेल वेगवेगळ्या भांड्यांत घ्यावे.

तेल काही तास झाकून स्थिर ठेवावे. मग वरचे तेल हळूच ओतून काढावे आणि तळाचे थोडे तेल गाळण कागदातून किंवा घट्ट विणीच्या पांढऱ्या सुती कापडातून गाळावे. कागदावर उरलेला गाळ रॉकेलने दोन-तीनदा धुवावा, म्हणजे काळी काजळी निघून जाते आणि धातूचे कण उघडे पडतात. जाळीची गाळणी आणि फेल्ट वेगळ्या भांड्यात धुवावेत. फेल्टच्या घड्यांत अडकलेले कण अनेकदा सर्वांत बोलके असतात. कागद पूर्ण वाळल्यावर तो उन्हात तिरपा धरावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावा. माणसाच्या डोळ्याला साधारण ४० ते ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण वेगळा दिसत नाही. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याहून बारीक कण तेलात केवळ चकाकी म्हणून जाणवतात.

कोणता धातू, कोणता भाग

पहिली कसोटी लोहचुंबकाची. चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुऱ्यावरून फिरवावा. नंतर पिशवी उलटी केली की चिकटलेले कण वेगळे निघतात. चिकटणारे कण लोखंडाचे किंवा पोलादाचे असतात. बुलेटमध्ये ते सिलिंडर, रिंगा, कॅम, टॅपेट, टायमिंगचे गिअर, क्रँकपिन आणि क्रँकच्या बॉल व रोलर बेअरिंगमधून येऊ शकतात. ओतीव लोखंड ठिसूळ असते, त्यामुळे त्याचा कण दाबल्यावर मोडतो आणि तुटलेली बाजू खरखरीत, राखाडी दिसते. पोलादाचा पापुद्रा मात्र चमकदार आणि चिवट असतो.

चुंबकाला न चिकटणाऱ्या कणांपैकी पिवळसर किंवा तांबूस कण ओळखायला सर्वांत सोपे. ते ब्राँझ किंवा पितळेचे असतात आणि स्मॉल एंडची (रॉडच्या पिस्टनकडील टोकाची) बुश, किंवा ब्राँझचे व्हाल्व गाइड बसवले असतील तर ते, यांच्याकडे बोट दाखवतात. मात्र प्लगखालच्या तांब्याच्या वॉशरचा तुकडाही असाच दिसतो, म्हणून वॉशरची कडा आधी तपासावी.

खरा गोंधळ चंदेरी कणांत होतो, कारण त्यांच्यात दोन धातू असतात. एक अॅल्युमिनियम आणि दुसरा व्हाइट मेटल. अॅल्युमिनियम पिस्टनचे, क्रँककेसचे किंवा कनेक्टिंग रॉडचे असू शकते. व्हाइट मेटल म्हणजे मुख्यतः कथील, त्यात अँटिमनी आणि तांबे मिसळलेला मऊ मिश्रधातू. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये तो बेअरिंगसाठी पुढे आणला, म्हणून त्याला बॅबिट मेटल असेही म्हणतात. जुन्या ३५० बुलेटच्या बिग एंडमध्ये क्रँकपिन आणि रॉड यांच्यामध्ये स्वतंत्रपणे फिरणारी बुश असते आणि तिच्यावर याच धातूचा लेप असतो. त्यामुळे चंदेरी कण अॅल्युमिनियमचा की व्हाइट मेटलचा, या उत्तरावर इंजिनाचे पुढचे सगळे काम ठरते.

हा फरक दोन कसोट्यांनी ठरतो. व्हाइट मेटल साधारण २४० अंश सेल्सिअसला वितळू लागते. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांपर्यंत वितळत नाही. पूर्ण कोरडा कण पत्र्यावर ठेवून त्याला सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक लावले तर व्हाइट मेटलचा लगेच थेंब होतो, अॅल्युमिनियम तसेच राहते. कणांवर रॉकेलचा अंश राहू देऊ नये, कारण ते पेट घेऊ शकते. दुसरी कसोटी कास्टिक सोड्याची. काचेच्या वाटीत पाण्यात विरघळवलेल्या सौम्य कास्टिक सोड्यात अॅल्युमिनियमचा कण टाकला की त्यातून जोरात बुडबुडे निघतात आणि तो हळूहळू विरघळतो. व्हाइट मेटल तसा परिणाम दाखवत नाही. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजते, बुडबुडे हायड्रोजनचे असतात. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर आणि अगदी थोड्या प्रमाणातच ही चाचणी करावी.

कणाचा आकार

धातू कळला की भागांची यादी लहान होते. आकार पाहिला की कारण कळते. चुंबकाला लागणारा मऊ, राखाडी लेप, ज्यात बोटांना कण जाणवत नाहीत, ही रोजच्या घासण्याची झीज आहे. प्रत्येक निरोगी इंजिनात ती थोडी असतेच.

चपटा पापुद्रा, एका बाजूने आरशासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत, हा बेअरिंगच्या थकव्याचा पुरावा होय. गुळगुळीत बाजू म्हणजे ज्यावरून रोलर फिरत होता तो पृष्ठभाग. असा एक पापुद्रा सापडला तरी तो गंभीर मानावा, कारण सुटलेल्या जागेच्या कडा पुढच्या पापुद्र्याला वाट करून देतात. गिअरच्या दातावरून आणि कॅमच्या माथ्यावरूनही असे पापुद्रे सुटतात. मात्र कॅम खरवडला गेला असेल तर टॅपेटमधली फट लवकर बदलते आणि व्हाल्व कमी उघडतो. टॅपेटची फट वारंवार लावावी लागत असेल आणि चुऱ्यात पोलादी पापुद्रे असतील, तर संशय आधी कॅम आणि टॅपेटवर जातो.

लांबट, वळलेला, लेथवरच्या किसासारखा कण कठीण वस्तूने धातू कोरल्याचे सांगतो. सिलिंडर नुकताच बोअर करून आणला असेल तर तो कारखान्यात धुताना राहून गेलेला कीसही असू शकतो. दुसऱ्या तेलबदलीत तो दिसेनासा झाला की चिंता मिटते. बोअर करून बरेच दिवस झाले असतील आणि वळलेले कण वाढत असतील, तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरच्या जोडामधून धूळ शिरते आहे हे समजावे.

अॅल्युमिनियमचा फरफटलेला, ओरखड्यांच्या रेषा असलेला तुकडा पिस्टन सिलिंडरला धरत असल्याची खूण आहे. सोबत निळसर किंवा फिकट पिवळा रंग चढलेले पोलादी कण असतील तर तो भाग जास्त तापल्याचे ते चिन्ह असते. तुकड्यावर खाचेची कडा दिसली तर ती पिस्टनवरच्या रिंगच्या खाचेची असू शकते; किंचित वाकलेला, चौकोनी कडांचा ठिसूळ तुकडा रिंगचा असू शकतो. अशा ओळखता येणाऱ्या तुकड्यांसाठी गाडी पुन्हा सुरू करून पाहण्याची गरज नसते. ती सुरूच करू नये.

व्हाइट मेटलचे मऊ, पातळ, नखाने ओरखडता येणारे चंदेरी पापुद्रे सापडणे म्हणजे बिग एंडची बुश लेप टाकू लागली आहे. या बुलेटमध्ये तेलाच्या दाबाचा काटा नसतो, त्यामुळे चुरा हीच बहुधा पहिली सूचना असते. चढावर भार पडताच ऐकू येणारा खोल ठोका नंतर येतो. पुढची अवस्था क्रँकपिन खराब होण्याची आणि तिच्यापुढची रॉड तुटण्याची. या क्रँकची दोन चाके क्रँकपिनने जोडलेली असतात, म्हणून बुश बदलायची तर क्रँक सोडवून पुन्हा जोडावा आणि सरळ करावा लागतो. लवकर कळले तर केवळ बुश बदलून भागते. उशीर झाला तर क्रँकपिन, रॉड आणि कधीकधी क्रँककेसही हातचे जाते.

धातू नसलेला गाळ

तेलाचा तळ धातूखेरीजही बरेच सांगतो. दूध घातलेल्या चहासारखा फिकट गाळ म्हणजे पाणी. पावसाळ्यात उभी राहिलेली किंवा फक्त जवळच्या अंतरासाठी वापरलेली गाडी पुरेशी तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि तेलात मिसळते. एखादी लांब फेरी मारून तेल बदलले की ती अडचण बहुधा संपते. दुर्लक्ष केले तर तीच गंजाची सुरुवात ठरते. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि ते पातळ झाले असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट किंवा पेट्रोलचा कॉक गळतो आहे. पातळ तेलात बिग एंडच्या बुशवरचा लेप झिजणे अटळ असते.

बोटांत खरखरणारे, चुंबकाला न लागणारे आणि कास्टिकमध्ये न विरघळणारे कण बहुधा वाळूचे असतात. रबरी, दोरीसारख्या लांब पट्ट्या म्हणजे जोडावर जास्त लावलेला सिलिकॉन. त्या धातू नसल्या तरी तेलाची छिद्रे बुजवू शकतात. कागदाचे तंतू गॅस्केटचे असतात. कॉर्कचे तुकडे टायमिंग कव्हरमधल्या सीलची आठवण करून देतात आणि तो तपासायला सांगतात.

चुऱ्यामुळे आणखी एक नुकसान होते. कण पंपाच्या डिस्कखाली गेले तर तिच्यावर ओरखडे पडतात, तिचे बसणे बिघडते आणि उभ्या गाडीत टाकीतले तेल क्रँककेसमध्ये उतरू लागते. दुसऱ्या दिवशी किक जड लागते आणि सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर येतो. अशा गाडीत पंप दुरुस्त करण्याआधी ओरखडे पाडणारा चुरा कुठून आला हे शोधावे.

प्रमाण, नोंद आणि तपासणीची सवय

एका तपासणीपेक्षा अनेक तपासण्यांची तुलना जास्त विश्वासार्ह असते. नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये रिंगा आणि सिलिंडर एकमेकांत बसतात, म्हणून पहिल्या तेलबदलीत राखाडी लेप भरपूर असणे स्वाभाविक आहे. पुढच्या प्रत्येक बदलीत तो कमी व्हायला हवा आणि एका पातळीवर स्थिरावायला हवा. स्थिर असलेली पातळी अचानक वाढली, किंवा पूर्वी न दिसलेला धातू दिसला, तर ती धोक्याची खूण मानावी.

त्यासाठी प्रत्येक तेलबदलीची नोंद ठेवावी: तारीख, किलोमीटर, कोणते तेल घातले, चुंबकाला किती लेप लागला, कोणते कण दिसले. वाळलेला गाळण कागद तारीख लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर दोन वर्षांपूर्वीचा चुरा शेजारी ठेवून पाहता येतो. ड्रेन प्लगमध्ये लहान चुंबक बसवला तर पोलादी कण तिथेच अडकतात आणि पंपापर्यंत पोहोचत नाहीत. हेलिकॉप्टर आणि विमानांच्या इंजिनांत याच तत्त्वावरचे चुंबकी प्लग वापरले जातात. चुरा साठला की काही प्लग वैमानिकाला दिव्याने इशाराही देतात.

डोळ्याला न दिसणाऱ्या कणांसाठी प्रयोगशाळा आहेत. १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी इंजिनच्या तेलाचे वर्णपटाने परीक्षण सुरू केले. तेलाचा थोडा नमुना विद्युत ठिणगीने किंवा ज्वालेने तापवला की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो आणि त्यावरून लोखंड, तांबे, कथील, अॅल्युमिनियम, सिलिकॉन यांचे प्रमाण दशलक्ष भागांत मोजता येते. सिलिकॉन वाढले तर धूळ, कथील वाढले तर बेअरिंगचा लेप. या पद्धतीची मर्यादा अशी की साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तिला नीट मोजता येत नाहीत. मोठे कण हीच तर गंभीर झिजेची खूण असते, म्हणून कागदावरचा चुरा आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकमेकांना पूरक ठरतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेली फेरोग्राफी ही उणीव काही प्रमाणात भरून काढते. तिच्यात तेल काचेवरून चुंबकी क्षेत्रातून वाहू देतात, लोखंडी कण आकारमानानुसार ओळीने बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची झीज वाचता येते.

इंजिन केव्हा उघडावे

बहुतेक वेळा निर्णय तीन पायऱ्यांत होतो. केवळ मऊ राखाडी लेप असेल आणि तो वाढत नसेल तर ताजे तेल, साफ केलेली गाळणी आणि नवा फेल्ट घालून गाडी चालवत राहावी. थोडे चकाकणारे कण, वळलेले कीस किंवा पिवळसर बुकणी प्रथमच दिसली तर तेल बदलून ३०० ते ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे, मधल्या काळात एअर फिल्टर, कॉर्क सील आणि टॅपेट पाहून घ्यावेत आणि इंजिनावर जास्त भार टाकू नये. व्हाइट मेटलचे पापुद्रे, एका बाजूने चकचकीत असलेला पोलादी पापुद्रा किंवा रिंग, रोलर वा पिस्टनचा ओळखता येणारा तुकडा सापडला तर गाडी तिथेच थांबवावी आणि इंजिन उघडावे. त्या वेळी मिस्त्रीच्या हाती तो कागदही द्यावा, म्हणजे कोणता भाग आधी पाहायचा हे उघडण्यापूर्वीच ठरते आणि चांगल्या अवस्थेतले मूळ भाग जागेवरच राहतात.